वित्त कंपनीच्या पॅनलवर जावं का? यवतमाळच्या एका तरुण वकिलाला उत्तर

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. यवतमाळला चार वर्षं वकिली झाली. वाहन आणि ट्रॅक्टरसाठी कर्ज देणारी एक वित्त कंपनी तुम्हाला पॅनलवर, म्हणजे तिच्या ठरलेल्या वकिलांच्या यादीत, घ्यायला तयार आहे. ग्राहक आयोगातली प्रकरणं आणि चेक बाउन्स मिळून महिन्याला दहा-पंधरा फायली येतील असं सांगितलं गेलंय. यात करिअर आहे का, पैसा किती, आणि पुढे ‘कंपनीचा वकील’ हा शिक्का पुसता येतो का, हे तुमचे तीन प्रश्न. शेवटी एक वाक्य घाईत लिहिल्यासारखं आलंय: वडील शेतकरी आहेत, आणि ते म्हणाले, “सावकाराचं वकीलपत्र घेतोस का रे?”

मला तो शेवटचा प्रश्न खरा वाटतो. फी किती आणि फायली किती हे तुम्हाला बाररूममध्ये कुणीही सांगेल. वडिलांना काय उत्तर द्यायचं ते मात्र हे काम आतून कसं असतं हे कळल्याशिवाय सुचणार नाही. मी २००२ पासून नागपूरला वकिली करते. त्यातली वीसेक वर्षं बँका आणि वित्त कंपन्यांच्या बाजूने उभी आहे. जिल्हा आयोग, राज्य आयोगाचं नागपूरचं परिक्रमा खंडपीठ, कर्जवसुली न्यायाधिकरण, कधी उच्च न्यायालय. माझं माहेर वर्धा जिल्ह्यातलं, घरी सोसायटीचं कर्ज कायम असायचं, आणि मार्च जवळ आला की घरातली माणसं हळू आवाजात बोलायची हे मला आठवतं. तेव्हा तुमच्या वडिलांचा प्रश्न मलाही कुणीतरी विचारला होता असं समजा.

आधी जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते सांगते. घरखर्च तुमच्या दरमहा कमाईवरच चालत असेल, तर फक्त पॅनलच्या भरवशावर राहू नका, कारण बिलं सहा-सहा महिने अडकतात. कंपनी कशी आहे यावर खूप काही ठरतं. जिचा विधी विभाग फाईल वाचून पाठवतो ती वेगळी, आणि जिचा वसुली अधिकारीच तुम्हाला फोनवर सूचना देतो ती वेगळी. आणि तुमच्याकडे दिवाणी किंवा महसुली काम किती आहे, ज्येष्ठांची सावली आहे की नाही, यावरही. हे सगळं तुमचं तुम्हालाच माहीत. पुढचं मी सांगू शकते.

काम आहे का, तर आहे, आणि ते जिल्ह्याच्या ठिकाणीच वाढलंय. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगात त्याला दाद मागता येते, ही त्यातली मोठी सोय. आधी कंपनीची शाखा कुठे, व्यवहार कुठे झाला, यावर वाद चालायचे. आता कंपनीचं मुख्य कार्यालय मुंबईत असो की चेन्नईत, घाटंजीचा कर्जदार यवतमाळला तक्रार करतो आणि कंपनीला यवतमाळचा वकील लागतो. शिवाय ५० लाखांपर्यंतच्या मोबदल्याची प्रकरणं जिल्हा आयोगाकडेच येतात, म्हणजे ट्रॅक्टर, दुचाकी, सोनेतारण, क्रेडिट कार्ड, छोटं गृहकर्ज, जवळपास सगळंच. महाराष्ट्रात तर ग्राहक चळवळीची मुळं जुनी आहेत. बिंदुमाधव जोशींनी पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली ती १९७४ साली, पहिला ग्राहक संरक्षण कायदा येण्याच्या बारा वर्षं आधी. त्यामुळे इथला तक्रारदार अनेकदा स्वतःच कागद नीट लावून येतो. त्याला हलक्यात घेऊ नका.

आता फाईल आल्यावर काय होतं ते. नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी जबाब द्यायचा असतो आणि आयोग फार तर आणखी १५ दिवस देऊ शकतो. ४५ व्या दिवसानंतर दरवाजा बंद. मार्च २०२० मध्ये हिली मल्टिपर्पज कोल्ड स्टोरेजच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हे स्पष्ट केलं, आणि मुदत मोजायची ती तक्रारीच्या प्रतीसह नोटीस हातात पडल्यापासून, हेही सांगितलं. हे सगळ्यांना पाठ असतं. प्रत्यक्षात होतं असं, की नोटीस शाखेत येते, शाखेतला मुलगा ती ट्रेमध्ये ठेवतो, तिथून ती विभागीय कार्यालयात जाते, तिथून मुंबईला, मुंबईहून मंजुरी येते आणि तुमच्या टेबलावर फाईल पडते ती अडतिसाव्या दिवशी. त्यातही कर्जाचा करारनामा नसतो, ‘दोन दिवसांत पाठवतो’ असा मेल असतो.

सुरुवातीच्या काळात एका प्रकरणात मी अशीच कागदांची वाट बघत बसले आणि मुदत गेली. जबाबाविना प्रकरण पुढे चालवण्याचा आदेश झाला. कंपनीची बाजू त्या प्रकरणात खरंच बरोबर होती आणि ती आयोगासमोर कधी आलीच नाही. चूक माझी होती. तेव्हापासून नोटीस पोचल्याचा शिक्का मी सगळ्यात आधी बघते, फाईलवर लाल शाईने पंचेचाळिसावा दिवस लिहिते, आणि करारनामा आला नाही तर खाते उताऱ्यावरून जबाब तयार करून ठेवते. तुम्ही पॅनलच्या करारावर सही करण्याआधी एक अट लेखी मागा: नोटीस मिळाल्यापासून दहा दिवसांत फाईल तुमच्याकडे येईल. नाही म्हणाले तरी त्यांच्या उत्तरावरून कंपनी कळते.

आणि मग उतारा वाचा. हे मला सगळ्यात ठासून सांगायचंय. आपल्या धंद्यात लोक तक्रार वाचतात, करारनामा चाळतात, चार निवाडे जोडतात आणि खाते उतारा ‘निशाणी क’ म्हणून मागे लावून देतात. प्रकरण तर त्या उताऱ्यातच असतं. कर्जदार म्हणतो मी सगळं भरलं, कंपनी म्हणते थकबाकी आहे, आणि दोघंही आपापल्या परीने खरं बोलत असतात, कारण मधे कुठेतरी चेक परत आल्याचा आकार, दंड, विमा, वसुलीचा खर्च असं काहीतरी खात्यावर टाकलेलं असतं आणि कर्जदाराला ते कुणी समजावलेलं नसतं.

एक साधं उदाहरण घ्या. एक लाखाचं कर्ज, बारा महिने, ‘फ्लॅट’ बारा टक्के. व्याज १२,००० आणि हप्ता साधारण ९,३३३ रुपये. कर्जदाराच्या डोक्यात बारा टक्के बसलेले असतात. पण मुद्दल दर महिन्याला कमी होत असताना व्याज मात्र पूर्ण लाखावर लावलंय, म्हणून घटत्या शिलकीवर मोजलं तर तोच दर सुमारे साडेएकवीस टक्के निघतो. हे बेकायदा आहे असं नाही. पण तक्रारीत ‘बारा टक्के सांगून एकवीस टक्के घेतले’ असं लिहिलेलं असेल, तर तो माणूस खोटं बोलत नाही, एवढं तरी तुम्हाला जबाब लिहिण्याआधी कळलं पाहिजे. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या किरकोळ कर्जांना रिझर्व्ह बँकेने मुख्य तथ्य पत्रक सक्तीचं केलंय, त्यात सगळे आकार धरून वार्षिक दर लिहावा लागतो. त्याआधीच्या कर्जात हा हिशेब तुम्हालाच करावा लागेल. एक्सेल शिका. कायद्याच्या आणखी एका पदविकेपेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

रिझर्व्ह बँकेची परिपत्रकं हा दुसरा अभ्यास. दंडाबद्दलचं परिपत्रक १८ ऑगस्ट २०२३ चं. हप्ता चुकला तर दंडाचा आकार घेता येतो, पण तो व्याजाच्या दरात मिसळायचा नाही आणि त्या दंडावर पुन्हा व्याज चढवायचं नाही. कर्ज पूर्ण फिटलं की मालमत्तेचे मूळ कागद ३० दिवसांत परत द्यायचे, नाहीतर कर्जदात्यामुळे झालेल्या उशिराचे रोज ५,००० रुपये. १ डिसेंबर २०२३ पासून हे लागू झालं. पतमाहितीतली चूक ३० दिवसांत दुरुस्त झाली नाही तर रोज १०० रुपये. वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन नाही. ही परिपत्रकं बदलतात, एकत्र केली जातात, तेव्हा कर्जाच्या आणि वादाच्या तारखेला कोणतं लागू होतं ते दर वेळी तपासा. शाखाधिकाऱ्याशी बोलताना मात्र मी कलमं सांगत नाही, आकडा सांगते. ‘साहेब, गहाणखत मुदत संपल्यावरही नव्वद दिवस तुमच्याच कपाटात पडून आहे, साडेचार लाख झाले,’ असं म्हटलं की मुंबईहून मंजुरी दोन दिवसांत येते.

आता ती गोष्ट, जिच्यासाठी हे उत्तर लिहायला बसले. वर्षं दहा-बारा झाली असतील. एका शेतकऱ्याचा ट्रॅक्टर कंपनीने ओढून नेला होता. सहामाही हप्ते होते, दोन थकले होते. जून महिना, पेरणीच्या तोंडावर शेतातूनच ट्रॅक्टर नेला आणि जुलैमध्ये विकलाही. तक्रार आली. शाखेने मला सांगितलं की आम्ही तीन नोटिसा पाठवल्या होत्या. फाईलमध्ये नोटिसांच्या प्रती होत्या, शेवटची २८ मेची. प्रतीवर तारीख कुणीही टाकू शकतं, म्हणून मी पोस्टाची पावती मागितली. चार वेळा मागितल्यावर ती आली. पावती ११ जूनची होती. ट्रॅक्टर नेला होता ९ जूनला.

मी लेखी मत दिलं की जप्तीआधी नोटीस दिली असं या जबाबात लिहिता येणार नाही, तडजोड करा. शाखाधिकारी म्हणाले, “मॅडम, तारीख कशाला टाकता? नुसतं ‘नोटीस पाठवली होती’ एवढंच लिहा. खोटं कुठे आहे त्यात?” खरंच, त्या वाक्यातला एकही शब्द खोटा नव्हता. पण वाचणाऱ्या सदस्याला त्यातून जे कळणार होतं ते खोटं होतं, आणि जबाबाच्या मसुद्यावर सही माझी होती. मी ते लिहिलं नाही. विभागीय कार्यालयाला मत थेट पाठवलं. सोबत एक तक्ता जोडला: हरलो तर भरपाई साधारण किती, खर्च किती, आणि अपील करायचं तर आदेशाच्या रकमेचा वाटा आधीच भरावा लागणार. आजच्या कायद्यात तर तो वाटा निम्मा आहे. त्यांनी तडजोडीला होकार दिला. उरलेलं कर्ज माफ, शेतकऱ्याने सुरुवातीला भरलेली रक्कम परत, वर थोडी भरपाई. आयोगासमोर तडजोडीची पुरसिस, म्हणजे लेखी निवेदन, दाखल झाली. शेतकऱ्याचा वकील माझ्याशी बोलला, शेतकरी बोलला नाही. त्याचा हंगाम गेला होता, आणि तो कुठल्याही पुरसिसने परत येणार नव्हता.

त्या शाखेतून मला पुढे सहा महिने एकही फाईल आली नाही. हे मुद्दाम सांगते, कारण असं केल्यावर लगेच कुणी कौतुक करत नाही. नंतर फायली आल्या त्या विभागीय कार्यालयातून, आणि त्या आधी मत देण्यासाठी आल्या, लढण्यासाठी नाही. माझ्या कामाची खरी किंमत तिथून सुरू झाली.

गाडी ताब्यात घेण्याबद्दलचा कायदा इथेच सांगून टाकते, कारण तुमच्या कंपनीची निम्मी प्रकरणं हीच असणार. २००७ मध्ये आयसीआयसीआय बँक विरुद्ध प्रकाश कौर या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गुंड पाठवून वसुली करण्याबद्दल कडक शब्दांत सुनावलं. २०११ मध्ये सिटीकॉर्प मारुतीच्या प्रकरणात सांगितलं की करारात अधिकार असला तरी ताबा कायद्याच्या मार्गानेच घ्यायचा. २०२० मध्ये मॅग्मा फिनकॉर्प विरुद्ध राजेश कुमार तिवारी हा निवाडा आला आणि सगळ्या कंपन्यांनी तो जबाबाला जोडायला सुरुवात केली, कारण त्यात म्हटलंय की भाडेखरेदीत हप्ते फिटेपर्यंत वित्तपुरवठादारच मालक असतो आणि थकबाकीपोटी गाडी घेणं ही आपोआप सेवेतली त्रुटी होत नाही. पण निवाडा पुढे वाचा. करारात आधी नोटीस द्यायची अट असेल तर ती पाळलीच पाहिजे, असंही तिथेच आहे. शिवाय आजची बहुतेक वाहनकर्जं भाडेखरेदीची नसतात, नजरगहाणाची असतात. गाडीचा मालक कर्जदार आणि आरसीवर, म्हणजे नोंदणी पुस्तकावर, कंपनीचा फक्त बोजा. मालकीचा युक्तिवाद तिथे जसाच्या तसा उचलून लावता येत नाही. समोरचा वकील हे दाखवून देईल. तुम्ही आधीच कंपनीला सांगितलेलं बरं.

याचा अर्थ कंपनी नेहमी चुकते असा काढू नका. नागपूरच्या एका वाहतूकदाराच्या प्रकरणात तक्रार होती की कंपनीने तीन लाख जास्तीचे वसूल केले. सोबत रोख भरण्याच्या पावत्या जोडल्या होत्या. मी दोन दिवस उतारा आणि पावत्या एकमेकांसमोर ठेवून बसले. त्यातल्या मोठ्या रकमेच्या तीन पावत्यांवरचा खातेक्रमांक वेगळा होता. ते त्याच्या भावाचं कर्जखातं होतं, आणि पैसे त्या खात्यावर रीतसर जमा झालेले दिसत होते. शिवाय त्याच्या नावावर अकरा ट्रक होते. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी एखादी गाडी घेणारा माणूस ग्राहक असतो, अकरा ट्रकांचा धंदा करणाऱ्याला ते म्हणणं जड जातं. तक्रार फेटाळली गेली. पण त्याच उताऱ्यात एका हप्त्यावर अकरा दिवसांचा दंड जास्त लागलेला मला सापडला होता, चार हजार एकशे काही रुपये. ते मी कंपनीला सांगून परत करायला लावले आणि जबाबात तसं नमूद केलं. आयोगाच्या अध्यक्षांनी ते वाचून एवढंच विचारलं, “हे तक्रारदाराने मागितलं नव्हतं ना?” नव्हतं. त्यानंतर त्या आयोगात मी उताऱ्यातला आकडा वाचून दाखवला की तो पुन्हा तपासून बघायची गरज सहसा कुणाला वाटली नाही. बचाव करणाऱ्या वकिलाकडे याहून मोठं भांडवल नसतं.

इथपर्यंतचं थोडक्यात: काम आहे, ते मुदतीचं आणि हिशेबाचं आहे, आणि त्यातला सगळ्यात मोलाचा भाग जबाब लिहिण्याआधीच होऊन जातो. कुठली फाईल लढायची आणि कुठली मिटवायची हे ओळखणं, आणि ते कंपनीला पटेल अशा भाषेत सांगणं.

आता काही धोके, जे तुम्हाला पॅनल देताना कुणी सांगणार नाही. तुमची सही स्कॅन करून मागतील. ‘नोटिसा खूप असतात, मॅडम-सरांना त्रास नको’ असं म्हणून शेकडो कर्जदारांना तुमच्या लेटरहेडवर नोटिसा जातील, ज्यातल्या एकीचीही फाईल तुम्ही बघितलेली नसेल. कर्ज फेडलेल्या माणसालाही ती जाईल, मेलेल्या जामीनदाराच्या बायकोलाही जाईल. अजिबात देऊ नका. कितीही फी देऊ केली तरी नाही. तसंच ‘जरा एकदा तुम्हीच कर्जदाराला फोन करा, वकिलाच्या आवाजाने फरक पडतो’ असं म्हणतील. वसुली हे आपलं काम नाही, आणि समोरच्याने वकील दिला असेल तर त्याला वगळून पक्षकाराशी थेट बोलायला बार कौन्सिलचे नियमच मनाई करतात. वसुलीच्या रकमेवर टक्केवारीने फी देऊ केली तर तीही नको. निकालावर अवलंबून असलेली फी ठरवायला नियमांत बंदी आहे.

लवादाच्या, म्हणजे कोर्टाऐवजी खासगी पंचाकडे चाललेल्या, फायलींपासूनही सावध राहा. कंपनीनेच नेमलेला लवाद, त्याचा एकतर्फी निवाडा, आणि आता तो बजावायला तुमच्याकडे. पर्किन्स ईस्टमनच्या २०१९ च्या निवाड्यानंतर एका पक्षाने एकट्याने लवाद नेमणं टिकत नाही, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठानेही अशा एकतर्फी नेमणुकीच्या कलमांवर बोट ठेवलं. लवादाचे असे एकतर्फी निवाडे कोर्टात गळून पडतात आणि मग दोष वकिलावर येतो. फाईल घेतानाच लेखी मत द्या. आणि करारात लवादाचं कलम आहे म्हणून ग्राहक आयोगाला अधिकार नाही, हा जुना आक्षेप जबाबातून काढून टाका. एमार एमजीएफच्या प्रकरणात २०१८ मध्येच तो निकालात निघालाय. अजूनही लोक तो पहिल्या परिच्छेदात टाकतात आणि आयोगाचा मूड तिथेच जातो.

भाषेचंही बघा. करारनामा पस्तीस पानांचा इंग्रजी, सही मराठीत किंवा अंगठा. वित्त कंपन्यांसाठीच्या न्याय्य व्यवहार संहितेत कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत कळवायचं हे आधीपासून आहे. ‘अटी मान्य करून सही केली’ हे वाक्य मी आता त्या भाषेतला कागद हातात असल्याशिवाय लिहीत नाही. नसेल तर ज्या गोष्टी कर्जदाराने प्रत्यक्ष केल्या त्यावर उभी राहते: हप्ते भरले, पावत्या घेतल्या, मुदत वाढवून मागितली. ते भक्कम असतं.

पैशांचं सरळ सांगते. माझ्या पहिल्या पॅनलवर एका प्रकरणाचे २,५०० रुपये मिळायचे, सगळ्या तारखा धरून. प्रकरण चार वर्षं चाललं तरी तेवढेच. आज दर पुष्कळ वर गेलेत, पण रचना तीच आहे: जबाबाला काही, पुराव्याच्या शपथपत्राला काही, निकालाला उरलेली. म्हणून फी टप्प्याटप्प्याने मागा, बाहेरगावच्या तारखेचा प्रवासखर्च वेगळा लिहून घ्या, आणि मत देण्याची फी वेगळी ठरवा. शेवटचं फार महत्त्वाचं. मताला वेगळी फी नसेल तर तुम्हाला नकळत प्रत्येक फाईल लढण्यासारखी वाटायला लागते. बिल दर महिन्याला पाठवा, उद्गम करकपातीचा (टीडीएसचा) हिशेब स्वतः ठेवा. आणि एकाच कंपनीचं काम तुमच्या एकूण कामाच्या निम्म्याच्या वर जाऊ देऊ नका. ज्या दिवशी ते ऐंशी टक्के होईल त्या दिवशी ‘तारीख टाकू नका’ म्हणणाऱ्याला नाही म्हणायची ताकद राहणार नाही. मला त्या ट्रॅक्टरच्या प्रकरणात नाही म्हणता आलं, कारण माझी जमिनीच्या वाटणीची प्रकरणं चालू होती आणि घरभाडं त्यातून निघत होतं. यात स्वभावाचा भाग थोडा, हिशेबाचा जास्त.

शिक्क्याबद्दल काळजी करू नका. या कामातून माणसं बऱ्याच दिशांना जातात. कुणी कर्जवसुली न्यायाधिकरणाच्या कामात शिरतं. सरफेसी, म्हणजे बँकांना तारण मालमत्ता ताब्यात घेऊन वसुली करू देणाऱ्या कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस, जिल्हाधिकाऱ्यांकडचा ताब्याचा अर्ज, समोरून ४५ दिवसांत येणारं आव्हान, हे सगळं वेगळंच विश्व आहे आणि नागपूरला न्यायाधिकरण असल्याने तुम्हाला फार लांबही नाही. फक्त शेतजमिनीला तो कायदा लागत नाही, हे विदर्भात काम करताना पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवा. कुणी बँकेत विधी अधिकारी होतं. पूर्ण वेळ पगारी नोकरी धरली की वकिलीची सनद स्थगित ठेवावी लागते, एवढा विचार करून जा. आणि कितीतरी जण पुढे कर्जदारांच्या बाजूने उत्तम काम करतात, कारण कंपनीची फाईल कुठे कच्ची असते ते त्यांना माहीत असतं. मीही कर्जदारांची प्रकरणं घेते, ज्यांच्या पॅनलवर आहे त्यांच्याविरुद्ध मात्र नाही. पॅनलच्या करारात ‘कुठल्याही वित्तसंस्थेविरुद्ध काम करणार नाही’ असं कलम असेल तर ते ‘या कंपनीविरुद्ध’ एवढ्यापुरतं करून घ्या.

आणि वडील. सावकार हा शब्द ते उगीच वापरत नाहीत, त्या शब्दामागे आपल्या भागातल्या दोन-तीन पिढ्या आहेत. त्यांना कायद्यातला फरक सांगू नका. मी माझ्या आईला सांगितलं होतं ते असं, की आपल्या गावातल्या माणसाविरुद्ध कंपनी कोर्टात उभी राहणारच आहे, तिच्या बाजूने कुणीतरी जबाब लिहिणारच आहे. तो लिहिणारा पोस्टाची पावती मागणारा असावा. आई काही बोलली नाही. पुढे बऱ्याच वर्षांनी गावातल्या एकाची गाडी कंपनीने नेली, तेव्हा ‘माझ्या मुलीला विचार’ असं तिने त्याला सांगितलं. ती कंपनी माझ्या पॅनलची नव्हती, म्हणून मला ते प्रकरण घेता आलं.

पॅनलला होकार कळवण्याआधी एक करा. कंपनीकडून निकाली निघालेली एक फाईल वाचायला मागा, शक्यतो हरलेली. आणि घरी ट्रॅक्टरचं किंवा पिकाचं कर्ज असेल तर त्याचा उतारा बँकेतून काढून आणा, रविवारी वडिलांसोबत बसा आणि पहिल्या ओळीपासून वाचा. कुठे काय आकार लागलाय ते त्यांना समजावून सांगता आलं, तर तुम्ही या कामाला तयार आहात. एखादी ओळ तुम्हालाही कळली नाही तर इथेच विचारा, खातेक्रमांक आणि नाव झाकून.